आधी सतरंजी, मग तानपुरा

लॉकडाऊनमध्ये गूगलवर 'टायगर' टाकून वाघ हॉलमध्ये आणायचं खूळ आठवतंय ना? आमच्या घरी सोफ्यावर वाघ, देवघरासमोर वाघ, भाजी निवडणाऱ्या सासूबाईंच्या मागं वाघ असे तीस-चाळीस फोटो निघाले होते आणि फॅमिली ग्रुपवर एका मावशींनी खरंच विचारलं होतं की वनखात्याला कळवलं का म्हणून. तर ती जी भानगड होती ना, मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या आपल्या खऱ्या खोलीत एक खोटी वस्तू आणून बसवायची, तिलाच ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात, थोडक्यात एआर. मला तेव्हा हे नाव पण माहीत नव्हतं. गेल्या पावसाळ्यात मात्र मी त्या वाघाच्या जागी मिरजेचा तानपुरा आणून बसवला आणि त्यात माझे अडीच महिने गेले, त्याचं हे सगळं.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, घरनंच वेबसाइट-ग्राफिक्सची कामं करते, म्हणजे भारी काही नाही, दुकानांचे लोगो, वाढदिवसाचे बॅनर, असलं. नणंद गाणं शिकते. तिच्या तानपुऱ्याची जवारी बिघडली होती, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात तिथली घासणी, आवाज नुसता टणटण यायचा, म्हणून तिला स्कूटीवर घेऊन मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले. लग्न होऊन नऊ वर्षं झाली तरी त्या गल्लीत मी पहिल्यांदाच जात होते, आपण सांगलीवाले मिरजेला जातो ते रेल्वेसाठी नाहीतर दवाखान्यासाठी. कारखान्यात शिरलं तर छताला भोपळे टांगलेले. भाजीचे नाही, हे कडू भोपळे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात, वाळवून पार टणक झालेले. खाली लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास, आणि तिथले कारागीर, चाचा, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पुलासारख्या तुकड्यावर, कानस फिरवत बसलेले. दीडशे वर्षांच्या वर हे काम इथं चालत आलंय, २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू या गावचीच असा सरकारी शिक्का, पण मिळालं, पण चाचांना त्याचं विचारलं तर म्हणाले, कागद आला बेटा, भोपळा काय स्वस्त झाला नाही.

जवारी होईपर्यंत चाचांच्या मुलाशी, त्याला सगळे भाईच म्हणतात, गप्पा चालू होत्या. त्याची तक्रार अशी की हल्ली निम्म्या ऑर्डरी फोटोवर येतात. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघतात, पैसे पाठवतात, आणि पेटी उघडल्यावर फोन करतात, "अहो हा एवढा मोठा आहे होय?" तानपुरा दोन मापात येतो, मर्दानी आणि जनानी, मर्दानी साधारण पाच फुटाच्या आसपास आणि जनानी त्याहून लहान, भोपळाही लहान. भाई मापं लिहून पाठवतो, टेप लावलेला फोटो पाठवतो, तरी काही उपयोग नाही. कारण पाच फूट म्हणजे किती हे वाचून कुणालाच कळत नाही, आपल्या दिवाणाशेजारी ठेवून बघितल्याशिवाय. परत मागवायचा तर एवढ्या नाजूक वस्तूचा जाऊन-येऊन खर्च, वर वाटेत तडा गेला तर बसा बोंबलत.

मी पटकन बोलून गेले, "ते वाघाचं असतं बघा, तसं करता येईल की." भाई म्हणाला करा मग. आणि झालं, अडकले.

आधी जरा वाचलं. मला वाटायचं हे सगळं पोकेमॉन गोपासनं सुरू झालं, २०१६ ला ती पोरं रस्त्यावर मोबाइल डोळ्यासमोर धरून अडखळत फिरायची तेव्हा. पण नाही, लई जुनं निघालं. १९६८ ला आयव्हन सदरलँड नावाच्या अमेरिकन माणसानं डोक्यावर घालायचा एक डिस्प्ले बनवला, त्याला जोडलेलं यंत्र एवढं जड की ते छताला टांगायला लागायचं, आणि एवढं करून त्यात दिसायचं काय, तर नुसत्या रेघांचे साधे आकार. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी हे नाव त्याच्या वीसेक वर्षांनी आलं, बोइंग कंपनीतल्या टॉम कॉडेल यांच्याकडनं. विमानात वायरींची जी जुडगी असतात ती बांधताना कामगारांना मोठ्या बोर्डावरच्या खुणा बघून बघून वायरी लावायला लागायच्या, तर त्यापेक्षा कामगाराच्या डोळ्यासमोरच दिसलं की ही वायर इथनं अशी जाते तर काम सोपं होईल, अशी ती कल्पना. हे मी चाचांना सांगितलं. बाकी कशात त्यांना रस नव्हता पण हे ऐकून कानस थांबवली. म्हणाले, बरोबर आहे, सतारीच्या तरफा, त्या मुख्य तारांखालच्या बारीक तारा, लावताना आमची पण नवीन पोरं चुकतात, एक तार चुकली की पुढच्या सगळ्या सोडवायला लागतात.

१९९७ ला रोनाल्ड अझुमा यांनी एआर कशाला म्हणायचं याच्या तीन अटी लिहिल्या, त्या मला नंतर फार कामाला आल्या. खऱ्यात खोटं मिसळलेलं पाहिजे, ते तिथल्या तिथं आपल्याला प्रतिसाद देणारं पाहिजे, आणि ते खऱ्या जागेला तीन मितींत चिकटलेलं पाहिजे. म्हणजे फोटोवर तानपुऱ्याचं चित्र डकवलं तर ते एआर नाही. आणि व्हीआरमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत, डोळ्यावर डबडं बांधलं की खरी खोली दिसायचीच बंद होते, ते प्रकरण वेगळं. पहिल्या दोन अटी आजकालचा मोबाइल आरामात पाळतो, तिसरीनं मात्र मला रडवलं.

पण तानपुरा चिकटवायचा तर आधी तो कॉम्प्युटरमध्ये तर यायला पाहिजे. थ्रीडी मॉडेल लागतं. मी म्हणलं फोटोग्रामेट्री करू, म्हणजे वस्तूच्या चारी बाजूंनी फिरून शे-दीडशे फोटो काढायचे, सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत तेच तेच ठिपके ओळखतं आणि कुठला ठिपका किती सरकला त्यावरनं वस्तूचा आकार बांधतं. दोन डोळ्यांनी आपल्याला अंतर कळतं तसंच, फक्त डोळे दीडशे. मेशरूम नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं पण त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं, माझ्या लॅपटॉपला कुठलं आलंय, शेवटी भाच्याचा गेम खेळायचा पीसी एक रात्र मागून घेतला, त्याबदली त्याला दोन वेळा बिर्याणी. पहाटे तीनला लाइट गेली. परत पहिल्यापासनं.

सकाळी उघडून बघितलं तर तानपुऱ्याच्या भोपळ्याला हे एवढं भगदाड, दांडी वितळलेल्या मेणबत्तीसारखी, आणि तारांच्या जागी कोळ्याचं जाळं. मी सगळ्यात सुंदर, नवीन पॉलिश केलेला तानपुरा निवडला होता ना, तिथंच चुकलं होतं. चकचकीत पॉलिशवर खिडकीचं प्रतिबिंब पडतं, आपण सरकलो की ते पण सरकतं, मग सॉफ्टवेअरला वाटतं की भोपळाच हलला. आणि तारा एवढ्या बारीक की फोटोत असून नसल्यासारख्या.

इंटरनेटवर उपाय सापडला की चकचकीत वस्तूवर पावडर भुरभुरायची, म्हणजे चमक मरते. मी घरनं घामोळ्याची पावडर घेऊन मिरजेला हजर. डबा उघडला आणि चाचांनी माझ्याकडं असं बघितलं की मी झाकण परत लावलं. "बेटा, हा तानपुरा आहे, कॅरम नाही."

त्यांनीच मग मार्ग काढला. कोपऱ्यात एक तयार होत आलेला तानपुरा होता, तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, बसवलेली, दांडी जोडलेली, पण पॉलिश नाही, तारा नाहीत, खुंट्या नाहीत. म्हणाले, याचा काढ फोटो, हा चमकत नाही. एकदम कोरडा मॅट पृष्ठभाग, वर लाकडाच्या रेषा आणि भोपळ्यावरचे डाग, सॉफ्टवेअरला पाहिजे होतं ते सगळं होतं त्याच्यात. आभाळ भरून आलेलं होतं, तसला उजेड फोटोला सगळ्यात चांगला, कारण सावल्या कडक पडत नाहीत. अंगणात स्टुलावर तानपुरा ठेवून खालनं, मधनं, वरनं असे तीन फेरे मारले, १४० फोटो झाले आणि शेवटचे चार राहिले असताना पाऊस आला, चाचा, भाई आणि मी तिघं तो तानपुरा घेऊन आत पळालो. पण मॉडेल झालं! भगदाड नाही, काही नाही. पॉलिशचा रंग आणि चकाकी मी नंतर ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चढवली, तारा आणि खुंट्या पण तिथंच हातानं बनवल्या. म्हणजे बघा, खरा तानपुरा चमकतो म्हणून चालला नाही, न चमकणारा स्कॅन केला आणि चमक खोटी लावली.

पुढची मजा मापाची. फोटोवरनं बनवलेल्या मॉडेलला स्वतःचं मापच नसतं, आकार बरोबर असतो पण तो बोटाएवढा की डोंगराएवढा हे त्याला माहीत नसतं. ते आपण सांगायचं, आणि ब्लेंडरमधनं बाहेर पडणारी जी फाइल मोबाइल वाचतो, जीएलबी, ती मीटरमध्ये मोजते. मी पहिल्यांदा उघडला तर टीपॉयवर पेनाएवढा तानपुरा. दुरुस्त करायला गेले, शून्य जास्त पडलं, दुसऱ्यांदा भोपळा पाण्याच्या टाकीएवढा आणि दांडी स्लॅबच्या आरपार. शेवटी घोडीपासनं वरच्या पट्टीपर्यंत टेपनं मोजून आणलं आणि तेवढं अंतर मॉडेलमध्ये तंतोतंत बसवलं. मर्दानीचं वेगळं, जनानीचं वेगळं स्कॅन केलं, एकच मॉडेल लहान-मोठं करून चालत नाही, चाचा लगेच ओळखतात.

एवढं करून नणंदेला दाखवलं तर तिनं दोन बोटांनी चिमटा काढून तानपुरा बारका केला आणि म्हणाली, बसतोय की शोकेसमध्ये! आता काय बोलायचं. ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते मापच गेलं. मग कळलं की मॉडेल-व्ह्यूअर म्हणून गूगलचं जे फुकटचं साधन मी वेबपेजवर वापरत होते त्यात माप पक्कं करून टाकायची सोय आहे, एक शब्द लिहायचा फक्त. तो लिहिला. फाइलचं वजन पण उतरवायला लागलं, पहिली २१० एमबीची होती, त्यात मॉडेलचा पृष्ठभाग ज्यांचा बनतो ते लाखांनी त्रिकोण, कमी करत करत ६ एमबीवर आणली. अँड्रॉइडला जीएलबी आणि आयफोनला यूएसडीझेड अशा दोन फाइली ठेवायच्या, ग्राहकानं लिंक दाबली की वेगळं अ‍ॅप न शोधता तिथंच बटण येतं.

आता तिसरी अट. मोठ्या थाटात घरच्यांना हॉलमध्ये बसवलं, बटण दाबलं, मोबाइल फिरवला, आणि तानपुरा आला तो घसरत घसरत फ्रिजपाशी गेला. परत आणला, परत गेला. सासूबाई म्हणाल्या, त्याला थंड पाणी पाहिजे असेल.

आमच्या हॉलला पांढरी चकचकीत टाइल्स आहे, गोची तिथं होती. मोबाइलला जमीन कळते कशी, तर तो कॅमेऱ्यातनं ठळक ठिपके हेरतो, कोपरे, डाग, नक्षी, आणि शिवाय आतल्या सेन्सरवरनं आपण हात किती हलवला-फिरवला याचा अंदाज घेतो. अंधारात जिना उतरताना आपण कसं, थोडं दिसतंय आणि थोडा पायाचा अंदाज, तसं. ठिपके एका पातळीत दिसले की तो समजतो ही जमीन, आणि वस्तू तिथं टेकवतो. पांढऱ्या कोऱ्या फरशीवर धरायला ठिपकाच नाही, आणि जे दिसतात ते ट्यूबलाइटचे प्रतिबिंब. म्हणजे पॉलिशवाल्या भोपळ्याचंच दुखणं परत, नुसतं फरशीवर आलेलं. मी दोन आठवडे मॉडेलमध्ये दोष शोधत होते आणि दोष होता फरशीत.

उपाय आईचा. तिला फोनवर सगळं रडगाणं सांगितलं तर ती म्हणाली, "अगं पण तानपुरा कोण नुसत्या फरशीवर ठेवतं? सतरंजी अंथरायची आधी."

पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी अंथरली. तानपुरा आला आणि बसला. हलला म्हणून नाही. मी चारी बाजूंनी फिरले, जवळ गेले, खाली वाकून बघितलं, जागच्या जागी. सासूबाई त्याला ओलांडून नाही गेल्या, वळसा घालून गेल्या, तेव्हा मला वाटलं की जमलं. आता भाईच्या लिंकवर पहिलीच ओळ आहे, उजेडात बघा आणि खाली नक्षीची चादर किंवा सतरंजी अंथरा. लोकांना वाटतं वाद्याचा मान म्हणून सांगितलंय.

सगळ्यांच्या मोबाइलवर चालतं असं नाही हां. सासूबाईंच्या स्वस्तातल्या फोनमध्ये जायरोस्कोपच, म्हणजे फोन किती फिरला हे ओळखणारा सेन्सरच, नाही, तो नसला की अँड्रॉइडवर हे एआरचं बटणच येत नाही, नुसतं मॉडेल बोटानं गोल फिरवून बघता येतं. अशा लोकांसाठी मी तानपुऱ्याशेजारी लाल प्लास्टिकची खुर्ची उभी केली, मॉडेलच. ती खुर्ची केवढी असते हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. खरं सांगू का, निम्मं काम त्या खुर्चीनंच केलं असतं, पण हे मला उशिरा सुचलं.

या नादात आणखी एक कळलं, आपण एआर रोज वापरतो आणि नाव माहीत नसतं. मोबाइलवर कुत्र्याचे कान लावून सेल्फी काढतात ते एआर. भाई परदेशातनं आलेल्या सामानाच्या खोक्यावर गूगल ट्रान्सलेट धरतो आणि छापलेल्या अक्षरांच्या जागीच इंग्रजी दिसतं, ते पण एआर, आणि तो ते किती वर्षं वापरतोय. फर्निचरवाल्या आयकियानं २०१७ ला सोफा घरात ठेवून बघायचं अ‍ॅप काढलं होतं, माझा तानपुरा म्हणजे त्याचाच मिरजेचा चुलतभाऊ. २०२४ ला अ‍ॅपलचा डोळ्यावर घालायचा व्हिजन प्रो आला, अमेरिकेत ३,४९९ डॉलर, त्यात चाचांकडचे तानपुरे किती येतील हा हिशोब भाईनं तोंडी केला आणि फोन खिशात ठेवला. मला स्वतःला एक करून बघायचंय, २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते आपल्या गल्लीत आपल्याच दारात उभं राहून मोबाइलमध्ये बघता आलं पाहिजे, की इथपर्यंत. नवीन भाडेकरू विचारतात ना, इथं पाणी येतं का हो म्हणून, आणि घरमालक हसून विषय बदलतात. बघू.

तर सगळं तयार झाल्यावर चाचांना दाखवायला गेले. कारखान्यात जमिनीवर भुसा, लाकडाचे तुकडे, ठिपकेच ठिपके, मोबाइलला दोन सेकंदात जमीन सापडली. चाचांनी चष्मा लावला, खऱ्या तानपुऱ्याशेजारी खोटा बघितला, मोबाइल जवळ नेला, लांब नेला. मी आपली कौतुकाची वाट बघत उभी.

"हा उभा कसा काय राहिला?"

मी तो भोपळ्यावर सरळ उभा केला होता, फोटोत छान दिसतो म्हणून. कुणी धरलेला नाही, कशाला टेकवलेला नाही, पाच फुटी तानपुरा आपला आपण उभा. "सोडला तर पडेल बेटा. आडवा ठेव." मग म्हणाले, चारी तारा पांढऱ्या का, खर्जाची, सगळ्यात खालच्या सुराची, पितळेची असते. मग म्हणाले, एक खुंटी उलटी आहे. ती खरंच उलटी होती, मी एका बाजूची करून दुसऱ्या बाजूला आरशासारखी उलटवली होती. आणि मग बराच वेळ घोडीकडं बघत बसले आणि विचारलं, "दोरा कुठाय?"

जवारीचा दोरा. तार आणि घोडीच्या मध्ये सरकवतात तो सुताचा तुकडा, त्याच्याशिवाय तानपुरा झणकारत नाही. माझ्या मॉडेलला आवाजच नव्हता, तर दोरा कशाला घालेन मी. मी म्हणलं, चाचा, हे नुसतं माप कळायला आहे, कुणाला दिसणार आहे तो. ते काही बोलले नाहीत, मोबाइल परत दिला आणि कानस उचलली.

भाईनं लिंक तशीच फिरवायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात पुण्याच्या एका बाईंनी मर्दानीची ऑर्डर बदलून जनानी मागितली, त्यांनी स्क्रीनशॉट पण पाठवला होता, वन बीएचकेच्या हॉलमध्ये दिवाण आणि टीव्हीच्या मधे सतरंजीवर तानपुरा, त्याची दांडी थेट गॅलरीच्या दारात. भाईनं तो फोटो कारखान्यात सगळ्यांना दाखवला, चाचांना सोडून, कारण त्यात तो अजून उभाच होता.

त्या रात्री मी आडवा केला. खर्जाची तार पिवळी केली, खुंटी सुलटी केली. आणि घोडीवर चार दोरे घातले, पांढरे, जेमतेम दिसतील न दिसतील असे, फाइल १२ केबीनं वाढली. नवीन लिंक भाईला पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागं कानसीचा आवाज चालू होता आणि त्यात चाचा कुणाला तरी सांगत होते, तिसरा दोरा जरा पुढं सरकायला पाहिजे.